‘असं कोण न्हाई हितं’

कोल्हापुरातल्या शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडत्यांचा सकाळी सकाळी फोन. “सर, आमची वेबसाइट उडाली की ओ! पोरं म्हंत्यात सर्व्हर बंद पडलाय.” म्हटलं, स्क्रीनवर काय आलंय ते जसंच्या तसं वाचा. त्यांनी अडखळत वाचलं, “डीएनएस... प्रोब... फिनिश्ड... एनएक्सडोमेन.”

सर्व्हर ठणठणीत होता. त्याच्या दारापर्यंत कुणी पोचतच नव्हतं.

इंटरनेटवर यंत्रांचे पत्ते आकड्यांत असतात. नावावरून आकडा शोधून द्यायचं काम डीएनएसचं. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये ही व्यवस्था आखली. त्याआधी सगळ्या नेटवर्कची नावं एकाच फाइलमध्ये असायची. आपला फोन आधी रिझॉल्व्हरला, म्हणजे आपल्यासाठी पत्ता शोधून आणणाऱ्या सर्व्हरला, विचारतो. तो सगळ्यात वरच्या रूट सर्व्हरला, मग डॉट इनवाल्यांना, मग त्या डोमेनच्या (वेबसाइटच्या नावाच्या) सर्व्हरला विचारत जातो. बिंदू चौकात पत्ता विचारला की चौकातला गल्ली दाखवतो आणि गल्लीतला घर, तसंच.

उत्तरासोबत निकाल सांगणारा एक आकडाही येतो. ० म्हणजे ठीक. ३ म्हणजे एनएक्सडोमेन: “असं कोण न्हाई हितं.” २ म्हणजे सर्व्हफेल: “मला काय सांगता येत न्हाई बा.” ५ म्हणजे रिफ्यूज्ड, तुम्हाला सांगणारच नाही. लोक २ आणि ३ एकाच मापानं मोजतात आणि तिथंच वाट चुकते. ३ हे ठाम उत्तर आहे: नावात टायपिंगची चूक असेल, नाहीतर डोमेनची मुदत संपली असेल. २ मध्ये नाव असूही शकतं. डोमेनचा सर्व्हर उत्तर देत नसेल किंवा डीएनएससेकची, म्हणजे उत्तर खरं असल्याची खात्री देणारी डिजिटल सही जुळत नसेल. अशा वेळी कॉम्प्युटरवरच्या एनएसलुकअप कमांडनं तेच नाव ८.८.८.८ किंवा १.१.१.१ या सगळ्यांसाठी खुल्या रिझॉल्व्हरना विचारावं. तिथं उत्तर मिळालं तर घोळ आपल्या रिझॉल्व्हरचा. तिथंही २ आलं तर बहुतेक डोमेनवाल्याचा.

० सुद्धा कधी कधी फसवतो बरं का. नाव आहे, पण विचारलेली नोंद (उदा. आकडी पत्ता) नाही, असं असलं तरी ० च येतो. माणूस राहतो तिथंच, फक्त दारावर पाटी नाही.

अडत्यांचं दुखणं साधं निघालं. नूतनीकरणाच्या सूचना पुण्याला गेलेल्या पुतण्याच्या जुन्या ईमेलवर जात होत्या. मुदत संपली आणि डॉट इनच्या यादीतून नाव उतरलं. त्यांनी लगेच पैसे भरले आणि वीस मिनिटांत परत फोन: “पैसं भरलं की! अजून तेच दाखवतंय.”

त्यात गंमत आहे. रिझॉल्व्हर ‘नाही’ हे उत्तरही लक्षात ठेवतो. डीएनएसच्या १९९८ च्या नियमावलीनुसार अशा ‘नाही’ची आठवण एक ते तीन तास ठेवणं सोयीचं आणि एका दिवसापेक्षा जास्त त्रासाचं, सर्व्हफेल मात्र पाच मिनिटांच्या वर साठवायचाच नाही. मला हा फरक फार आवडतो. ज्याला ठाऊक नाही त्याला थोड्या वेळानं पुन्हा विचारावं. ज्यानं ठाम नकार दिला त्याच्या दारात सारखं जाऊ नये.

अडत्यांना म्हटलं, मोबाइल डेटावर बघा. साइट लगेच उघडली, कारण तिथला रिझॉल्व्हर दुसरा होता आणि त्याच्याकडे जुना नकार साठलेला नव्हता. पेढीतल्या वायफायवर मात्र ती आणखी अर्ध्या तासानं दिसली.