मोठ्या सौरदुर्बिणीसाठी मेराकच का?

भारताच्या २ मीटरच्या सौरदुर्बिणीसाठी लडाखमधले, पँगाँग सरोवराकाठचे मेराक गाव का, हे समजायला आधी जुना हिशेब पाहू. कोडाईकनालची सौरवेधशाळा १८९९ साली उभी राहिली, तेव्हाचा हिशेब सरळ होता: मैदानातल्या धुळीच्या वर जायचे. सुमारे २,३०० मीटरवर धूळ मागे पडली, पण पावसाळ्यातले ढग काही सुटले नाहीत आणि ऊन चढले की हवाही बिघडायची.

घोळ होतो तो ‘सीइंग’ या शब्दाने, म्हणजे हवेच्या थरथरीतून प्रतिमा किती स्थिर आणि रेखीव दिसते त्याने. आकाश निळेशार म्हणजे सीइंग चांगले, असे भलेभले धरून चालतात. छोट्या दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडून पाहावी. सकाळी कडा कोरल्यासारखी दिसते. जमीन तापली की तीच कडा उकळत्या पाण्यासारखी खदखदू लागते. आकाश मात्र तेवढेच निळे! अशा हवेने १ आर्कसेकंदापर्यंतच (एका अंशाचा ३,६०० वा भाग) साथ दिली, तर २ मीटरचा नुसता आरसा साधारण १० सेंटीमीटरच्या दुर्बिणीएवढाच तपशील दाखवतो. हलते आरसे वापरून ही थरथर काही अंशी दुरुस्त करता येते, पण मुळातली हवा बरी असेल तरच.

यावरचा उतारा पाणी. ते जमिनीसारखे झटकन तापत नाही, त्यामुळे लगतच्या हवेचे भोवरे कमी होतात. कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर सरोवरात हे आधी आजमावले गेले, मग १९७५ च्या सुमारास उदयपूरला फतेहसागरातल्या बेटावर.

२ मीटरच्या भारतीय दुर्बिणीसाठी लडाखमधलेच हानले, उत्तराखंडातले देवस्थळ आणि पँगाँगकाठचे मेराक यांची तुलना झाली. देवस्थळला मान्सून आडवा आला. हानलेची बाजू मांडणारे म्हणत, तिथे २००० पासून रात्रीची दुर्बीण आहे, सोयी तयार आहेत. सोयींचा मुद्दा रास्त. पण रात्रीचे सीइंग दिवसाबद्दल फारसे सांगत नाही, हे त्यांच्या मांडणीत हरवते.

पाण्याकाठच्या जागेविरुद्ध अमेरिकेच्या ४ मीटर सौरदुर्बिणीचा दाखलाही दिला जातो: तिथे बिग बेअरऐवजी हवाईतला हालेआकाला हा डोंगर निवडला गेला. त्या निवडीत प्रभामंडल, म्हणजे सूर्याभोवतीचे अंधुक बाह्य वातावरण, पाहण्यासाठी लागणाऱ्या स्वच्छ, काळसर आकाशाला मोठे वजन होते, आणि ते उंचीवर मिळते. मेराक ४,२०० मीटरच्या वर आहे, शिवाय पाण्यालगत.

२०२० मध्ये पँगाँगच्या दोन्ही काठांवर सैन्ये समोरासमोर आली आणि वाद हवेवरून सीमेवर सरकला. त्या धास्तीने पुन्हा हानलेचे नाव पुढे करणाऱ्यांनी नकाशा उघडावा. सीमा हानलेपासूनही काही फार लांब नाही.