शांतिसेनेची श्रीलंकेतून माघार

श्रीलंकेतील यादवी युद्धात १९८७ साली उतरलेली भारतीय शांतिसेना जुलै १९८९ ते मार्च १९९० या काळात टप्प्याटप्प्याने मायदेशी परतली. मराठीत ‘माघार’ म्हटले की पराभवाची छटा येते. या सेनेला रणांगणावर कोणी हरवले नव्हते, पण ज्या कामासाठी ती गेली होती तेही पुरे झाले नव्हते.

राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत करार केला. तमिळबहुल उत्तर व पूर्व भागाला प्रांतिक अधिकार मिळावेत, सशस्त्र गटांनी शस्त्रे ठेवावीत आणि त्यावर भारतीय सैन्याने देखरेख करावी, असे ठरले. करारावर सिंहली समाजात मोठा रोष होता. दुसऱ्याच दिवशी मानवंदना स्वीकारणाऱ्या राजीव गांधींवर रांगेतल्या एका नौसैनिकाने बंदुकीचा दस्ता हाणला. स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी लढणारी सशस्त्र संघटना लिट्टे हिची तर करारावर सहीच नव्हती. ऑक्टोबरमध्ये शांतिसेना तिच्याशीच लढू लागली. जाफना शहर हाती आले, पण रुग्णालयात झालेल्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका व रुग्ण मारले गेले आणि स्वागताला आलेली तमिळ जनता दुरावली. मुंबईत जन्मलेले, ८ महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी धारातीर्थी पडले. या मोहिमेतील एकमेव परमवीर चक्र त्यांचे. एकूण सुमारे १,२०० भारतीय जवान कामी आले.

जानेवारी १९८९ मध्ये रणसिंघे प्रेमदासा अध्यक्ष झाले आणि चित्र पालटले. दक्षिणेत जनता विमुक्ति पेरमुना हा सिंहली पक्ष भारतविरोधाच्या बळावर बंड करत होता. त्याने भारतीय मालावर बहिष्कार पुकारला होता आणि त्यात तिकडे ‘बॉम्बे’ नावानेच ओळखला जाणारा कांदाही सापडला. ही हवा काढून घ्यायची तर शांतिसेना जायला हवी, हे प्रेमदासांनी ओळखले. कराराला दोन वर्षे होतील त्या दिवसापर्यंत, म्हणजे २९ जुलैपर्यंत, सैन्य न्या असे त्यांनी जूनमध्ये बजावले. प्रांतिक अधिकार दिल्याशिवाय परतीचे वेळापत्रक ठरणार नाही, असे राजीव गांधींचे उत्तर होते. दोघांतली पत्रे कडवट होती. त्या तारखेला काही शे जवान परतले, ते दोन्ही बाजूंची अब्रू राखण्यापुरते. याच काळात प्रेमदासा लिट्टेशी बोलणी करत होते आणि तिला शस्त्रेही पुरवत होते. एकमेकांचे हाडवैरी भारतीय सैन्याला घालवण्यापुरते एक झाले.

१८ सप्टेंबर १९८९ च्या समझोत्याने ३१ डिसेंबर ही मुदत ठरली. डिसेंबरात दिल्लीत विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार आले. त्यांना ही मोहीम वारशात मिळाली होती आणि ती आवरण्यातच त्यांना रस होता. आधी पूर्वेकडील अंपारै व बट्टिकलोआ, नंतर जाफना अशी ठाणी रिकामी झाली. भारताच्या आधाराने उभी राहिलेली तमिळ नॅशनल आर्मी लिट्टेपुढे टिकली नाही. उत्तर-पूर्व प्रांताचे मुख्यमंत्री वरदराज पेरुमल यांनी १ मार्च १९९० रोजी एकतर्फी स्वातंत्र्याचा ठराव आणला आणि भारत गाठला. मागे राहिलेल्या त्यांच्या पोरसवदा सैनिकांना मात्र कुणी वाली नव्हता.

शेवटच्या तुकड्यांनी २४ मार्च १९९० रोजी त्रिंकोमाली बंदर सोडले. मद्रासला त्यांच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. आपल्याच तमिळांना मारून आलेल्या सैन्याचे स्वागत कसे करू, अशी त्यांची भूमिका होती. जूनमध्ये लिट्टे व श्रीलंका सरकार यांच्यात पुन्हा युद्ध पेटले. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदुर येथे लिट्टेच्या आत्मघाती हल्ल्यात राजीव गांधी मारले गेले, तर १ मे १९९३ रोजी कोलंबोत प्रेमदासा.