इंग्लंडच्या कॉमन्स सभागृहाचे दैनंदिन कामकाज (सोळावे–सतरावे शतक)

ट्यूडर व आरंभीच्या स्टुअर्ट राजवटीत इंग्लिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात चालणारी कामकाजाची व वादविवादाची पद्धत. भारतातील संसद व विधानसभा आज विधेयकाचे ‘वाचन’, आवाजी मतदान, मतविभागणी, अध्यक्षांना उद्देशून बोलणे हे जे काही पाळतात, त्यातील बरेचसे याच काळात वेस्टमिन्स्टरमध्ये रुळले. मात्र त्यामागे कोणी मांडलेला सिद्धांत नव्हता. जुने देवघर, विधेयकाची एकुलती एक हस्तलिखित प्रत आणि दुपारच्या जेवणाआधी काम उरकण्याची घाई, यांतून पुष्कळसे नियम आपसूक तयार झाले.

सभागृहाला स्वतःची कायमची जागा मिळाली ती सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत. वेस्टमिन्स्टर राजवाड्यातील सेंट स्टीफन्स चॅपेल धर्मसुधारणेच्या लाटेत रिकामे झाले व १५५० च्या सुमारास कॉमन्सकडे आले. पूर्वी तेथे गायकवृंद समोरासमोरच्या बाकांवर बसून स्तोत्रे म्हणत असे. सदस्यही तसेच बसू लागले आणि जेथे वेदी होती त्या बाजूला अध्यक्षांची खुर्ची आली. समोरासमोरची ही बैठक सत्ताधारी व विरोधक यांच्या भांडणातून आली असे सर्रास सांगितले जाते, पण त्या काळी आजच्या अर्थाने पक्षच नव्हते. एलिझाबेथ राणीच्या काळी खुर्चीच्या दोन्ही बाजूंना तिच्या सल्लागार मंडळातले सदस्य बसत. बाकीचे जागा मिळेल तेथे. एलिझाबेथच्या कारकिर्दीअखेर सदस्यसंख्या ४६२ झाली होती. सगळे आले असते तर त्या खोलीत मावलेच नसते. ते येत नसत, ही गोष्ट वेगळी.

अधिवेशन हीच मुळात क्वचित घडणारी गोष्ट होती. एलिझाबेथच्या सुमारे ४५ वर्षांच्या राज्यात अवघी १३ अधिवेशने भरली. सगळे दिवस जोडले तरी तीन वर्षे भरत नाहीत. कर हवा असला की राणी पार्लमेंट बोलावी आणि काम झाले की घरी पाठवी. १५८१ साली तिने अध्यक्ष पॉपम यांना विचारले, ‘सभागृहात काय काय पार पडले?’ त्यावर ‘सात आठवडे’ असे उत्तर मिळाले, अशी आख्यायिका आहे.

अध्यक्ष निवडायचे सदस्यांनी, पण नाव आधी दरबारात ठरलेले असे. निवड झालेल्याने आपण या पदाला कसे नालायक आहोत हे रीतसर सांगायचे, असा शिष्टाचार होता. १५९७ मध्ये ख्रिस्तोफर येल्व्हर्टन यांनी तो फारच मनावर घेतला. अध्यक्ष कसा धिप्पाड, रुबाबदार, खणखणीत आवाजाचा आणि भरल्या थैलीचा असावा. माझा देह लहान, आवाज बारीक, चाल वकिली, स्वभाव भिडस्त आणि थैली तर कधी भरलेलीच नाही, असे त्यांनी ऐकवले. थैलीची चिंता फार करायचे कारण नव्हते. अध्यक्षांना दर अधिवेशनाला राजाकडून १०० पौंड आणि मंजूर होणाऱ्या प्रत्येक खाजगी (म्हणजे एखाद्या व्यक्तीपुरत्या वा गावापुरत्या) विधेयकामागे ५ पौंड मिळत.

बैठक सकाळी आठच्या सुमारास प्रार्थनेने सुरू होई आणि अकरा-बाराला उठे. दुपारी समित्या बसत. त्यासाठी राजवाड्यातील दालने किंवा लंडनमधील वकिलांच्या संस्थांची सभागृहे वापरत. संध्याकाळपर्यंत चर्चा लांबलीच तर मेणबत्त्या आणायच्या की नाही यावरही सभागृहाची संमती घ्यावी लागे. उपस्थितीची रड कायमची होती. सदस्यांत वकील पुष्कळ, आणि न्यायालये शेजारच्याच वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये. अशील सोडून ते कशाला येतील? मग सभागृहाची शिस्त राखणाऱ्या सार्जंट या अधिकाऱ्याला राजदंड देऊन तेथे पाठवायचे आणि त्यांना बोलावून आणायचे, असा प्रकार चाले.

विधेयकाचे वाचन हे खरोखरचे वाचन होते. छापील प्रती नव्हत्या. कागदावर लिहिलेली एकच प्रत लिपिकाकडे असे आणि तो ती मोठ्याने वाचे. मग अध्यक्ष विधेयक हातात धरून त्याचा मथितार्थ सांगत. पहिल्या वाचनाला सहसा चर्चा होत नसे. दुसऱ्या वाचनानंतर वाद होई व विधेयक समितीकडे जाई. तेथून सुधारून आल्यावर ते चर्मपत्रावर सुवाच्य उतरवत आणि तिसऱ्या वाचनाला त्यावर अखेरचा कौल घेत. चर्मपत्रावर चढलेला मजकूर बदलायचा म्हणजे खरवडून काढायचा, त्यामुळे दुरुस्त्या आधीच उरकण्याकडे कल असे.

बोलणाऱ्याने उभे राहून, टोपी काढून, अध्यक्षांना उद्देशून बोलायचे. बसलेल्यांच्या डोक्यावर टोप्या असत. एका विधेयकावर एका दिवशी एकदाच बोलता येई. बोलून झाल्यावर मत बदलले तरी त्या दिवशी पुन्हा उठता येत नसे. दुसऱ्या सदस्याचे नाव घ्यायचे नाही. ‘विधेयकाच्या विरुद्ध ज्यांनी अमुक कारण दिले ते’ असे आडवळणाने म्हणायचे. झोंबणारे शब्द वर्ज्य. एकदाच बोलण्याचा नियम बारीकसारीक कामात जाचू लागला, तेव्हा एलिझाबेथनंतरच्या पहिल्या जेम्स राजाच्या काळात संपूर्ण सभागृहाचीच समिती करण्याची युक्ती रूढ झाली. अध्यक्ष खुर्चीवरून उतरले की तेच सदस्य त्याच बाकांवर हवे तितक्यांदा बोलायला मोकळे.

नियम कागदावर आणि बाकांवर वेगळेच, असेही होई. कंटाळवाण्या किंवा नावडत्या वक्त्याला खाली बसवायचे हत्यार म्हणजे खाकरणे. १६०१ मध्ये हील नावाचे वकील सदस्य (‘सार्जंट’ ही त्यांची वकिलीतली पदवी) म्हणाले की आपले जे काही आहे ते सारे राणीचेच आहे, ती हवे तेव्हा घेऊ शकते. सभागृह खाकरले, हसले, कुजबुजले. तुमच्या खाकरण्याने मी बिचकणार नाही, असे म्हणत त्यांनी जुन्या राजांचे दाखले काढले. सभागृह पुन्हा खाकरले. त्याच अधिवेशनात राणीने दिलेल्या मक्त्यांची, म्हणजे एखादी वस्तू विकण्याच्या एकाधिकारांची, यादी वाचली जात होती. विल्यम हेकविल यांनी मध्येच विचारले, ‘यात पाव नाही का?’ लोक चमकले. आज बंदोबस्त केला नाही तर पुढच्या पार्लमेंटपर्यंत पावही यादीत येईल, असे ते म्हणाले. भल्या लांब भाषणांनी जे साधले नसते ते त्या एका प्रश्नाने साधले. १६०४ मध्ये चर्चा चालू असताना कावळ्याच्या जातीचा एक पक्षी खिडकीतून आत आला आणि विधेयकाला अपशकुन झाला असे बोलले गेले. याची नोंद थेट जर्नलमध्ये, म्हणजे सभागृहाच्या अधिकृत नोंदवहीत आहे.

कौल आधी ‘हो’ आणि ‘ना’ अशा आवाजांवरून घेत. शंका राहिली तर विभागणी. विधेयकाच्या बाजूचे उठून बाहेरच्या दालनात जात, विरोधक जागेवरच राहत. बाहेर गेले की बाकावरची जागा जाण्याची भीती, म्हणजे आळशी सदस्य आपोआप ‘ना’च्या पदरात. १६०१ च्या डिसेंबरात, रविवारी चर्चमध्ये न येणाऱ्यांविरुद्धच्या विधेयकाला १०५ मते पडली, विरुद्ध १०६. हरलेल्यांनी अध्यक्षांचे मत मागितले. या खुर्चीत बसल्यावर मला मत नाही, असे अध्यक्ष क्रोक यांनी सांगितले. मग तक्रार आली की बाहेर निघालेल्या एका सदस्याला बाही धरून मागे ओढले होते. त्यात काय एवढे, मीही अनेकदा ओढले आहे, असे वॉल्टर रॅली बोलून गेले आणि एकच गदारोळ उठला.

भाषणस्वातंत्र्य अध्यक्ष दर पार्लमेंटच्या आरंभी मागून घेत, पण त्याचा अर्थ दोन्ही बाजू वेगळा लावत. १५९३ मध्ये राणीच्या वतीने बजावले गेले की ते स्वातंत्र्य ‘हो’ किंवा ‘ना’ म्हणण्यापुरते आहे. त्याआधी १५७६ मध्ये पीटर वेंटवर्थ यांनी याच विषयावर राणीलाही दोष देणारे भाषण केले, तेव्हा त्यांना लंडनच्या टॉवर या किल्ल्यातील तुरुंगात धाडले ते राणीने नव्हे, घाबरलेल्या सभागृहानेच. अर्ध्या शतकात ही भीड चेपली. २ मार्च १६२९ रोजी राजाज्ञेनुसार बैठक तहकूब करायला उठलेल्या अध्यक्ष फिंच यांना दोन सदस्यांनी खुर्चीत दाबून धरले आणि तेवढ्यात ठराव वाचून घेतले.

कॉमन्सचे जर्नल १५४७ पासून मिळते, पण त्यात मुख्यतः विधेयके व आदेश आहेत. आत काय बोलले गेले ते बाहेर सांगणे हा गुन्हाच समजत. वर दिलेले बरेच प्रसंग सदस्यांनी स्वतःपुरत्या ठेवलेल्या रोजनिशींमुळे उरले. जर्नलही सुरक्षित नव्हते. आपल्या हक्कांविषयी सभागृहाने नोंदवलेले निवेदन पहिल्या जेम्सने १६२१ च्या डिसेंबरअखेर स्वतःच्या हाताने फाडून काढले. ४ जानेवारी १६४२ रोजी पहिला चार्ल्स पाच सदस्यांना पकडायला सभागृहात शिरला, तेव्हा सहायक लिपिक जॉन रशवर्थ लघुलिपीत टिपत होता. राजाने ते पाहिले होते. संध्याकाळी त्याला बोलावून प्रत मागितली. सभागृहातले बोलणे राजाला सांगणाऱ्याला पूर्वी टॉवरमध्ये जावे लागले होते, अशी आठवण रशवर्थने करून दिली. इतर काय बोलले ते नको, मी काय बोललो तेवढेच दे, असे राजा म्हणाला. रशवर्थने ते उतरवून देईपर्यंत तो त्याच खोलीत थांबला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाषण छापून बाहेर आले.