शासन निर्णय

शासन निर्णय हा महाराष्ट्र शासनाच्या मंत्रालयीन विभागाने काढलेला लेखी आदेश. बोलण्यात त्याला ‘जीआर’ म्हणतात. अनुदान, पदनिर्मिती, योजना, समित्या अशा बहुतेक बाबींत सरकारने घेतलेली भूमिका या कागदातूनच खालच्या कार्यालयांपर्यंत पोहोचते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ प्रमाणे शासनाची कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावाने व्यक्त होते. म्हणून निर्णयाखाली ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असे लिहून प्राधिकृत अधिकारी सही करतो. मात्र हे शब्द नसले तरी केवळ तेवढ्यावरून आदेश रद्द ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये मुंबई राज्याच्याच एका प्रकरणात सांगितले. शासन निर्णय कायद्याची पोकळी भरू शकतो, कायदा किंवा वैधानिक नियम बदलू शकत नाही. कार्यालयांत हा फरक वारंवार विसरला जातो आणि त्याची किंमत अर्जदार मोजतो.

निर्णयाआधी कार्यासनावर, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या विभागातील शाखेत, तयार झालेली टिप्पणी कक्ष अधिकारी, अवर सचिव, उप सचिव अशी वर चढते. खर्चाचा प्रश्न असला की वित्त विभागाची सहमती लागते. विलंबाला आळा घालण्यासाठी २००५ च्या बदल्या व विलंब प्रतिबंध अधिनियमाने एका कर्मचाऱ्याकडे नस्ती (फाईल) साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असे बंधन घातले. २१ जून २०१२ च्या मंत्रालयातील आगीत असंख्य नस्त्या जळाल्या. त्यानंतर संगणकीय नस्तीचा आग्रह वाढला. आता निर्णय डिजिटल स्वाक्षरीने, संकेतांक देऊन शासनाच्या संकेतस्थळावर टाकले जातात.

खरी गुंतागुंत वाचताना सुरू होते. निर्णयाच्या सुरुवातीला ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ या शीर्षकाखाली आधीच्या निर्णयांची यादी असते, आणि ती चाळल्याशिवाय खालचा मजकूर नीट कळत नाही. एखादा परिच्छेद शुद्धिपत्रकाने दुरुस्त झालेला असतो, एखादी अट पूरकपत्राने जोडलेली असते. ‘अधिक्रमित करून’ असे लिहिले असेल तर जुना निर्णय त्या मर्यादेत संपतो. न लिहिल्यास जुना-नवा दोन्ही कागद पुढे करून वाद होतात. दुरुस्त्या साठल्या की विभागाने जुने सारे मोडीत काढून एकत्रित निर्णय काढणे, हाच यावरचा सर्वांत प्रामाणिक उपाय आहे. परिपत्रक मात्र सहसा नवा निर्णय करत नाही, आधीच्या सूचनांची अंमलबजावणी समजावते. वैधानिक अधिकार वापरायचा असेल तेव्हा अधिसूचना काढून ती राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते.