रक्तदात्यांमधील रक्तगटांचे वितरण

रक्तदान करणाऱ्यांमध्ये ए, बी, एबी आणि ओ हे गट, तसेच आरएच पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह हे प्रकार, किती प्रमाणात आढळतात याला रक्तदात्यांमधील रक्तगटांचे वितरण म्हणतात. कोणत्या गटाच्या किती पिशव्या हाती येतील, याचा अंदाज रक्तपेढी त्यावरून बांधते. हे प्रमाण आनुवंशिकतेतून येते हे सर्वांना ठाऊक असते. दात्यांना कोणी, केव्हा आणि कशासाठी बोलावले यावरही ते अवलंबून असते, हे मात्र सहसा ध्यानात घेतले जात नाही.

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये पहिले तीन गट मांडले. एबी गट पुढच्याच वर्षी सापडला आणि आरएच घटकाची ओळख १९४० मध्ये पटली. पहिल्या महायुद्धात लुडविक आणि हाना हिर्शफेल्ड या दांपत्याने थेसालोनिकीच्या आघाडीवर जमलेल्या अनेक देशांच्या हजारो सैनिकांचे रक्त तपासले. १९१९ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की ए गट वायव्य युरोपात जास्त असतो आणि पूर्वेकडे आशियात जावे तसे बी गटाचे प्रमाण चढत जाते. उत्तर भारत आणि मध्य आशियात बी गट ठळकपणे जास्त दिसतो, तर मध्य व दक्षिण अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत जवळजवळ सगळेच ओ गटाचे. आरएच निगेटिव्ह लोक युरोपीय वंशाच्या समाजांत सुमारे १५ टक्के, भारतात सुमारे ५ टक्के आणि पूर्व आशियात १ टक्क्याहूनही कमी असतात.

गणित मांडून पाहिले की ही विषमता उलगडते. समजा, एका समाजात ओ जनुकाचा वाटा ६० टक्के आणि ए व बी यांचा प्रत्येकी २० टक्के आहे. ओ गटासाठी आईवडील दोघांकडूनही ओ जनुक यावे लागते; म्हणून ओ गटाचे लोक ३६ टक्के. ए आणि बी प्रत्येकी २८ टक्के, आणि एबी केवळ ८ टक्के. याच समाजात ४ टक्के लोक आरएच निगेटिव्ह असतील, तर आणखी ३२ टक्के लोक स्वतः पॉझिटिव्ह असूनही निगेटिव्हचे जनुक बाळगून असतात. एबीओची जनुके नवव्या गुणसूत्रावर आणि आरएचची पहिल्या गुणसूत्रावर असल्याने दोन्ही प्रमाणांचा थेट गुणाकार करता येतो. एबी निगेटिव्ह माणसे हजारात तीनच निघतात. शंभर दात्यांच्या चारपैकी सुमारे तीन शिबिरांत असा एकही दाता सापडणार नाही, आणि त्यात शिबिराचे काही चुकलेले नसते.

दुर्मिळ गट आणि टंचाईचा गट एकच असतो असे मात्र नाही. एबी निगेटिव्ह रुग्णाला कोणत्याही निगेटिव्ह गटाच्या तांबड्या पेशी चालतात. ओ निगेटिव्ह रुग्णाला ओ निगेटिव्हच लागतात, आणि गट तपासायला वेळ नसलेल्या अपघातग्रस्तालाही बहुधा त्याच दिल्या जातात. त्यामुळे ओ निगेटिव्ह दात्यांना वारंवार फोन जातो आणि ते वारंवार येतातही. इंग्लंडमध्ये लोकसंख्येत ओ निगेटिव्ह लोक ७ ते ८ टक्के असताना दात्यांत त्यांचा वाटा सुमारे १३ टक्के दिसतो तो यामुळेच. दात्यांचा तक्ता समाजाचा तक्ता म्हणून वाचणे ही म्हणूनच ढोबळ चूक ठरते. रुग्णासाठी वापरलेल्या पिशव्यांच्या बदल्यात नातेवाइकांनी दिलेल्या रक्तातही असाच कल शिरतो, कारण एका घरातल्या माणसांचे गट जुळण्याची शक्यता अधिक असते. दाते मोजले की पिशव्या, हेही आधी विचारायला हवे. वर्षातून तीनदा येणारा माणूस पिशव्यांच्या हिशेबात तीनदा येतो. दात्यांत पुरुष जास्त असले तरी त्याने प्रमाण बिघडत नाही, कारण ही जनुके लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर नसतात.

तक्त्यातली प्रत्येक नोंद सुरू होते ती पांढऱ्या टाइलवर. रक्ताच्या तीन थेंबांत निळे अँटी-ए, पिवळे अँटी-बी आणि रंगहीन अँटी-डी ही तपासणीची द्रावणे मिसळतात. जिथे पेशींचे कण एकत्र गोळा होतात तो प्रतिजन, म्हणजे तांबड्या पेशीवरची गट ठरवणारी खूण, रक्तात असतो; डी ही आरएचची खूण. डी प्रतिजन क्षीण असला तर दात्याची नोंद पॉझिटिव्ह होते, पण तोच माणूस रुग्ण म्हणून आला तर त्याला निगेटिव्ह रक्त देण्याची खबरदारी घेतली जाऊ शकते. बॉम्बे रक्तगट तर या टाइलवर हुबेहूब ओ दिसतो. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत नोंदवलेल्या या गटात ए आणि बी यांचा पाया असलेला एच प्रतिजनच नसतो. अशा माणसाच्या रक्तद्रवात ओ गटाच्या पेशी मिसळल्या की त्याही गोळा होतात. ही उलट तपासणी झाली नाही, तर तो दाता ओ गटाच्या रकान्यात मोजला जातो, आणि पुढे त्यालाच रक्त लागले तर ओ गटाची पिशवी त्याच्या जिवावर बेतू शकते.