झटका मशीनचं कुंपण: बडोद्याच्या तबेल्यासाठी अर्ज, कागदपत्रं आणि तारा ओढण्याआधीच्या अटी

वाघोडिया, डभोई, सावली या बाजूला ज्यांचे तबेले आहेत त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "करंटच्या कुंपणाला परवानगी कुणाची घ्यायची?"

मोटारीच्या स्टार्टरमधून किंवा घराच्या बोर्डावरून वायर ओढून थेट २३० व्होल्ट तारेत सोडायचे असतील, तर अशी परवानगी एमजीव्हीसीएल (इथली वीज कंपनी) देत नाही, मामलतदार देत नाही आणि कोठी कचेरीतही (जिल्हाधिकारी कार्यालयात) मिळत नाही. तारेला चिकटून माणूस गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू. धोका माहीत असून केलं असं तपासात दिसलं तर सदोष मनुष्यवधाचं कलम १०५. वीज आकडा टाकून घेतलेली असेल तर २००३ च्या वीज कायद्याचं कलम १३५ आणि तीन वर्षांपर्यंत कैद. बिबट्या मेला तर १९७२ चा वन्यजीव कायदा. "रात्रीपुरताच सोडतो" हे कोर्टात ऐकून घेत नाहीत, आणि तारेला हात लावतो तो बहुतेक घरातलाच कोणीतरी किंवा पहाटे बाहेर निघालेला शेजारी असतो.

सुरक्षित कुंपण चालतं ते झटका मशीनवर. या मशीनसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६०३३५-२-७६, आणि भारतीय मानक आयएस ३०२ मध्येही त्याचा वेगळा भाग आहे. व्होल्टेज पाच-सात हजारांचं असतं, पण धक्का सेकंदाच्या शंभराव्या भागाहून लांब नसतो, दोन धक्क्यांमध्ये किमान एक सेकंदाची उसंत असते आणि एका धक्क्यातली ऊर्जा ५०० ओहमच्या भारावर ५ जूलपेक्षा जास्त नसते. जीव वाचतो तो त्या उसंतीमुळे. घरच्या करंटला उसंत नसल्यामुळे हाताचे स्नायू आवळतात आणि तार सुटत नाही. इथे धक्का बसला की जनावर मागे सरकतं. म्हणून मशीन घेताना दुकानदार "किती किलोव्होल्ट" सांगत बसला तरी तुम्ही मानकाचा क्रमांक आणि चाचणीचं प्रमाणपत्र मागा. बाजारात कॉइल आणि टायमर जोडून घरीच बनवलेली स्वस्त मशीनंही मिळतात. त्यांच्यापासून लांब राहा.

अनुदान कुणाला मिळतं

गुजरात सरकारचं शेतीखातं आय-खेडूत पोर्टलवर अर्ज घेतं. आपल्या कामाच्या योजना दोन. एक सोलर पॉवर युनिटची, म्हणजे सौर झटका संचाची: खर्चाच्या ५० टक्के किंवा १५,००० रुपये, जे कमी असेल ते. दुसरी काटेरी तारेच्या कुंपणाची, जी शेजारच्या शेतकऱ्यांनी गट करून, ठराविक क्षेत्र जमवून घ्यायची असते. एकट्या तबेलेवाल्याला पहिलीच सोयीची. दरवर्षीच्या अटी आणि रक्कम अर्ज उघडतो त्या दिवशी पोर्टलवर वाचून घ्या, मागच्या वर्षी शेजाऱ्याला काय मिळालं त्यावर विसंबू नका.

बरेच जण इथेच अडखळतात. ही मदत पिकाच्या राखणीसाठी आहे, गाई-म्हशी आत ठेवण्यासाठी नाही. अर्जात "तबेल्याला कुंपण" असं लिहून पाठवलं तर तो पुढे सरकणं कठीण. पण जनावरं पाळणाऱ्या प्रत्येकाकडे चाऱ्याचं रान असतंच: मका, ज्वारी, लसूणघास, हत्ती गवत. रोझ (नीलगाई) आणि भुंडं (रानडुकरं) तेच खायला येतात. अर्ज त्या सर्व्हे नंबरवर करावा. त्यात खोटं काही नाही. चाऱ्याचं पीक हेही पीकच. तबेल्याच्या आवारातली तार तुमच्या खर्चाने, आणि दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवायचा.

जमीन तुमच्या नावावर हवी, म्हणजे आठ-अ मध्ये तुमचं खातं हवं. कसायला घेतलेल्या किंवा भाड्याच्या जमिनीवर तुमच्या नावाने अर्ज होत नाही, मालकाने करावा लागतो. जमीन बिनशेती करून घेतली असेल तर शेतीखात्याच्या योजनेत ती चालेल असं गृहीत धरू नका.

आपल्या मराठी घरांत अडचण निघते ती वारसाईची. गायकवाडी काळापासून जमीन चालत आलेली, आजोबा जाऊन जमाना झाला, आणि सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव. एक काका पुण्याला, एक आत्या नागपूरला. अर्ज करायला बसल्यावर हे आठवून उपयोग नसतो. तालुक्याच्या ई-धरा केंद्रात वारसाईची नोंद करायला मृत्यूचा दाखला आणि तलाटीसमोर केलेला पेढीनामा (वंशावळ) लागतो. नोटिशीची मुदत संपून नोंद प्रमाणित व्हायला वेळ जातो, आणि आत्याची सही राहिली तर आणखी जातो. पोर्टल वर्षातून थोडेच दिवस उघडं असतं, तेव्हा हे काम त्याच्या आधी उरकलेलं असावं. सध्याची नोंद जमिनीच्या नोंदींच्या एनीआरओआर संकेतस्थळावर घरबसल्या बघता येते, आजच बघा.

कागदपत्रं

ताजे सातबारा आणि आठ-अ, आधार, आधारशी जोडलेल्या बँक खात्याच्या पासबुकाचं पहिलं पान, आणि खात्यात एकापेक्षा जास्त नावं असतील तर बाकीच्यांचं संमतीपत्रक. अनुसूचित जाती-जमातीच्या किंवा दिव्यांग अर्जदाराने आपापला दाखला जोडायचा. शेतकरी नोंदणीचा फार्मर आयडी काढलेला नसेल तर काढून घ्या, हल्ली बहुतेक योजनांना तो मागतात.

नावाचं स्पेलिंग हा आपला खास मराठी घोळ. आधारवर आडनाव शेवटी, सातबाऱ्यावर गुजराती पद्धतीने आधी, बँकेत वडिलांचं नाव गाळलेलं. त्यातच शिर्के, शिरके, शीर्के. पैसे थेट खात्यात येतात, त्यामुळे आधार आणि बँक इथली नावं तरी तंतोतंत जुळवून घ्या.

अर्ज ते पैसे

अर्ज मोबाइलवरून स्वतः भरता येतो. जमत नसेल तर ग्रामपंचायतीत ई-ग्रामचं काम बघणारा व्हीसीई भरून देतो. अर्ज क्रमांक आणि छापील प्रत जपून ठेवा. पुढची छाननी ग्रामसेवक आणि तालुक्याच्या शेती अधिकाऱ्याकडे असते.

मग येते पूर्वमंजुरी. पूर्वमंजुरीच्या आधी मशीन विकत घेतलं तर त्या बिलावर अनुदान मिळत नाही. रोझांनी मका साफ केलेला असताना थांबवत नाही हे खरं, पण घाईने घेतलेलं मशीन पूर्ण आपल्या पैशाचं असतं, हे ठरवूनच घ्या. मंजुरीपत्रात संचात काय काय धरलंय (पॅनल, बॅटरी, मशीन, सायरन, अर्थिंग) ते वाचा. खांब, तारा आणि इन्सुलेटरचा खर्च वेगळा मांडा. लांब शेताला तो मशीनपेक्षा जास्त होतो. खरेदी मुदतीत करायची, बिल जीएसटीचं, ज्याच्या नावावर मंजुरी आहे त्याच्याच नावाने, आणि त्यावर मशीनचा अनुक्रमांक. यानंतर जागेवर पाहणी होते, फोटो काढले जातात आणि रक्कम खात्यात जमा होते. पाहणीच्या दिवशी मशीन चालू असावं. खोक्यातलं मशीन दाखवून भागत नाही.

सोलर नको असेल तर वीज

झटका मशीनला वीज अगदी थोडी लागते, पण ती चोवीस तास हवी. शेतीची लाइन इथे उपयोगी नाही. ज्योतिग्राम योजनेत गावाचे आणि शेतीचे फीडर वेगळे झाले तेव्हापासून शेतीला दिवसाकाठी आठ तास वीज मिळते, तीही पंपासाठी. पंपाच्या जोडणीवर तबेला चालवला तर कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. तबेल्याला वेगळी जोडणी नसेल तर एमजीव्हीसीएलकडे अर्ज करा. त्याला मालकीचा पुरावा, ओळखपत्र आणि लायसन्सधारक वायरमनचा टेस्ट रिपोर्ट लागतो. बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. हा खर्च वाचवणारे लोक मला कळत नाहीत. आणि जोडणी असली तरी मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवर ठेवणं बरं, म्हणजे वादळात लाइन गेली तरी कुंपण जागं राहतं.

तारा ओढताना

मशीन कितीही चांगलं असलं तरी अर्थिंग कच्चं असेल तर झटका बसत नाही. धक्का तारेतून जनावरात, जनावरातून जमिनीत आणि जमिनीतून परत मशीनकडे जातो तेव्हाच वर्तुळ पुरं होतं. आपली काळी माती पावसाळ्यात चिकट आणि ओली असते, तेव्हा सगळं झकास. एप्रिल-मे मध्ये तिला हातभर भेगा पडतात, आणि तीच तार म्हशी पाठ घासायला वापरतात. म्हणून गॅल्वनाइज्ड सळ्या किमान तीन, प्रत्येकी दीड-दोन मीटर खोल, एकमेकींपासून तीन मीटरवर, शक्यतो हौदाच्या किंवा मोरीच्या ओलीजवळ. उन्हाळ्यात तिथे पाणी ओतायचं काम कुणाचं ते ठरवून टाका.

या सळ्या तबेल्याच्या विजेच्या अर्थिंगपासून किमान १० मीटर लांब हव्यात. जवळ घेतल्या तर धक्क्याचा अंश गोठ्यातल्या पाइपांत, गव्हाणीत आणि दूध काढायच्या यंत्रात उतरतो. माणसाला तो जाणवतही नाही; गाईला जाणवतो आणि ती पान्हा चोरते. दूध अचानक कमी झालं, खाद्य तेच, आजार नाही, तर आधी अर्थिंग तपासा.

काटेरी तारेत झटका सोडायचा नाही. मानकातही तशी मनाई आहे, कारण अंग काट्यात अडकलं तर जनावराला मागे सरकता येत नाही आणि धक्क्यामागून धक्के बसत राहतात. जुनं काटेरी कुंपण असेल तर झटक्याची साधी तार त्याच्या आत, वेगळ्या खांबांवर घ्या. एका कुंपणाला दोन मशीनं जोडू नका. दोघांचे धक्के आलटून पालटून आले की मधली उसंत नाहीशी होते. डोक्यावरून विजेची लाइन जात असेल तर तिच्याखालून तार नेणं टाळा. नाइलाज असेल तर काटकोनात ओलांडा आणि ११ केव्हीच्या लाइनपासून किमान ४ मीटर अंतर ठेवा.

गाई-म्हशींना दोन-तीन तारा पुरतात. शेळ्यांना चार-पाच लागतात, खालच्या तारा जवळजवळ. शेवटच्या खांबावर मीटर लावून बघा: गाईसाठी ३,००० व्होल्टच्या वर, केसाळ शेळ्या-मेंढ्यांसाठी ४,००० च्या वर. गवत तारेला टेकलं की हा आकडा उतरतो, म्हणून पावसाळ्यात तारेखालचं गवत सारखं कापावं लागतं. नवीन जनावर एकदम रानात न सोडता दोन दिवस छोट्या वाड्यात तारेची ओळख करून द्या. न सांगता धक्का बसलेली म्हैस मागे न जाता पुढे धावते, आणि खांब घेऊन जाते.

रस्त्याच्या बाजूला पिवळे बोर्ड लावायचे, किमान १० बाय २० सेंटिमीटर, काळी अक्षरं, दोन्हीकडून वाचता येतील असे, आणि एक नजरेआड होण्याआधी दुसरा दिसावा. मजकूर गुजरातीत असू द्या. आपल्या घरचे लोक सोडले तर तिथून जाणारे ते वाचणारे असतात. गावाची पायवाट कुंपणात येत असेल तर ती बंद करू नका, तिथे फाटक द्या आणि त्याला इन्सुलेटेड मूठ लावा. उत्तरायणाचे दोन दिवस मशीन बंदच ठेवलेलं बरं. पतंगामागे धावणारं पोर बोर्ड वाचत नाही.

जांबुघोड्याकडे, जंगलाला लागून जमीन असेल तर काम सुरू करण्याआधी वनखात्याच्या रेंज ऑफिसला मशीनच्या प्रमाणपत्राची प्रत जोडून लेखी कळवा आणि पोच घ्या. तमिळनाडूने २०२३ मध्ये अशा कुंपणांच्या नोंदणीचे नियम आणले आहेत. तुमच्या कुंपणाजवळ एखादा प्राणी मेला तर चौकशी तुमच्यापासून सुरू होईल, तेव्हा ती पोच हाताशी असलेली बरी.

अपघात झालाच तर आधी मशीन बंद करा. माणसासाठी १०८, जनावरासाठी १९६२. विजेमुळे माणूस किंवा जनावर मेलं वा जखमी झालं तर वीज कायद्याच्या कलम १६१ प्रमाणे त्याची सूचना विद्युत निरीक्षकाकडे जावी लागते. एमजीव्हीसीएलच्या उपविभागालाही लेखी कळवा. तुमचं स्वतःचं विम्याचं जनावर गेलं असेल तर कानातला १२ अंकी बिल्ला कापून टाकू नका. पशुवैद्यकाचा शवविच्छेदन अहवाल, पंचनामा आणि बिल्ल्यासकट फोटो नसतील तर विमा कंपनीकडे दावा टिकत नाही.