मेंढ्या गाभ टाकायला लागल्या तर सरकारी तपासणी कशी करून घ्यायची, कागदं काय लागतात

एखादी मेंढी गाभडली तर धक्का लागला असेल म्हणून सोडून देता येतं. पण एकाच खांडातल्या दोन-चार मेंढ्यांनी शेवटच्या दीड-दोन महिन्यांत गाभ टाकला तर ब्रुसेला, क्लॅमिडिया असलं संसर्गाचं दुखणं असू शकतं आणि ते नुसतं बघून डॉक्टरलाही सांगता येत नाही, लॅबमध्येच कळतं.

जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्यात ब्रुसेला आहे, म्हणजे संशय आला की ग्रामपंचायतीला कळवणं मालकाचं काम. सोबत जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, नाहीतर १९६२ ला फोन लावा. जमीन नावावर पाहिजे, जातीचा दाखला पाहिजे असलं काही नाही, मेंढरं तुमची असली की झालं. वाडा (मेंढरांचा तळ) लांब कोकणात बसलाय? मग तिथलाच दवाखाना गाठा, गावी परतेपर्यंत थांबू नका.

आधार, मोबाईल नंबर आणि कानातल्या बिल्ल्यांचे १२ अंकी नंबर जवळ ठेवा. बिल्ले नसतील तर तेव्हाच मारून घ्या. एका कागदावर लिहून न्या: मेंढरं किती, गाभडल्या किती, कितव्या महिन्यात, नवीन मेंढा कुठल्या बाजारातून आणला, त्याच्या अंडाला सूज किंवा गाठ आहे का. हा मेंढ्याचा मुद्दा लोक हमखास विसरतात.

पण सगळ्यात मोलाचं म्हणजे सॅम्पल. आमच्या वाड्यावर पहिल्या खेपेला डॉक्टर येईपर्यंत वार (कोकरामागून पडते ती) कुत्र्यांनी पार ओढ्यापर्यंत ओढत नेलेली, हाताला काहीच लागलं नाही. म्हणून वार आणि मेलेलं कोकरू हातमोजे घालून दोन पिशव्यांत बांधा, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी द्या. डॉक्टर रक्तही घेतात, ती नळी फ्रीजरमध्ये टाकू नका, रक्त फुटतं. सॅम्पल दवाखान्याच्या पत्रासोबत पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात जातं. उरलेलं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

रिपोर्ट येईपर्यंत गाभडलेल्या मेंढ्या वेगळ्या बांधा आणि कृपा करून बाजारात नेऊ नका, दुसऱ्याच्या वाड्यालाही लागण होते. ब्रुसेलाची सरकारी लस गाई-म्हशींच्या ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना देतात, त्या भरवशावर मेंढरं राहू शकत नाहीत.

घरात कुणी उघड्या हातानं कोकरू ओढलं असेल, कच्चं दूध प्यालं असेल आणि ताप येतोय-जातोय, सांधे दुखतायत, तर माणसाच्या डॉक्टरला मेंढ्या गाभडल्याचं आवर्जून सांगा, त्याशिवाय ब्रुसेलाची तपासणी त्यांच्या डोक्यात येत नाही.